मागचं कापलेलं पान

आप्पा,

तुमच्या ट्रंकेतले मुलांच्या मासिकाचे अंक बघायला एक कॉलेजातली मुलगी मुलुंडला आपल्या घरी येते आहे. इंग्रजांच्या राज्यात मराठी मुलं काय वाचायची, यावर ती लिहिते म्हणे. अंक नीट जपायला घेऊन जाऊ का, असंही विचारते. जुन्या कागदाला आज भाव आहे, एवढं मला कळतं. म्हणून ती पानांचे फोटो काढते तेव्हा मी समोरच बसतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, चोर नाही ती. निदान चहा तरी सुखानं पिऊ दे तिला." मी हललो नाही.

काल त्या मुलीनं विचारलं, "आजोबा, सगळ्या अंकांचं शेवटचं पान कोणी कापलं?" मी ताठ होऊन सांगितलं, "साहेबाच्या सरकारनं. स्वराज्याचा मजकूर असायचा त्यात." आयुष्यभर हेच सांगत आलो, सोसायटीच्या झेंडावंदनालाही सांगितलं. तिनं मोबाईल पुढे केला. दुसरीकडे सापडलेला तोच अंक, अख्खा. शेवटच्या पानावर फक्त कोड्यांची उत्तरं. मला वाटलं, हिनं काहीतरी बनवून आणलंय. हल्ली काय वाट्टेल ते बनवता येतं.

ती गेल्यावर मात्र तुम्ही दिसलात. गिरणीला सुट्टी आहे, आम्ही भावंडं खोलीत पालथी पडलोय, मधे खराट्यातून उपसलेल्या हिराच्या सहा काड्या. त्यांचे चार सारखे त्रिकोण करायचे. मी रडकुंडीला येऊन शेवटचं पान शोधतो आणि तुम्ही दाढीचं पातं पुसत म्हणता, "गोऱ्या सायबान कापल्यान. माका काय इचारतंस?" आणि आमचं चुकलं की लगेच, "चुकला. परत लाव." पान साहेबानं नेलं होतं, तर चुकलेलं तुम्हाला कसं कळायचं? हा संशय मला नव्वदाव्या वर्षी यावा! आम्ही उत्तर बघू नये म्हणून अख्ख्या सरकारवर आळ घेतलात?

अंक द्यावेत की नाही, या काळजीनं जेवण गेलं नाही. ती छापणार, पानं बापानंच कापली. लोक मला खोटारडा म्हणतील. तरी आज दिले. म्हटलं, "लिही. पोरांनी डोकं चालवावं म्हणून कापली." "भारीच होते हो तुमचे वडील!" म्हणून ती हसली. का हसली, कोण जाणे.

काड्यांच्या कोड्याचा अंक मात्र मी गादीखाली ठेवलाय. वाळवीनं खाल्ला, अशी थाप मारली. हे पत्र त्यातच ठेवतो. तिच्याकडे उत्तर असणारच, मागितलं नाही.

आप्पा, मला ते अजून सुटलेलं नाही.