रस्ता मोकळा, गॅरेजही मोकळं

आदरणीय साडूभाऊंना धाकट्याचा नमस्कार,

तुमचा गुडघा आणि ताईंचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. (आमची ही खांद्यावरून वाचते आहे, म्हणून अक्षर इतकं सभ्य.)

बाजाररस्त्यावर मोटारवाल्यांकडून पैसे घ्यायचं खूळ कुणाचं, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. माझंच. व्यापाऱ्यांच्या सभेत टेबलावर हात आपटून मी म्हणालो, "रस्ता वापरायचा तर मोजा पैसे! गर्दी हटेल, गिऱ्हाईक थेट दारात येईल." टाळ्या पडल्या, अर्ज गेला, नाक्यावर कॅमेरे बसले. एक खड्डा बुजवायला तीन वर्षं घेणाऱ्या खात्याने हे काम मात्र महिन्याभरात, तेही बिनचूक केलं! आता रस्ता असा वाहतो की बघत राहावं. मी बघतच बसलो आहे, दुसरं काम काय?

कारण माझा धंदा मोटारींचे पोचे काढून रंग मारण्याचा, आणि पोचे यायचे ते त्याच गर्दीतून! बावीस वर्षं त्यावर पोट भरलेल्या माणसाला एवढं कळू नये? पूर्वी आत चहा पिता पिता नुसत्या 'खर्र' आवाजावरून मी सांगायचो, मागचं डावं दार. कप खाली ठेवेपर्यंत दोघे भांडत आत हजर. आता दिवसभर नुसतं सूं सूं. (काल एक टॅक्सीवाला ओरडून गेला, "शेठ, झकास काम केलंत!" थांबला मात्र नाही.) आमचा रंगारी तर तोंडावर म्हणाला, "मालक, भाषण जरा वाईट करायचं होतंत." दोन कारागीर घरी बसलेत, महिनाअखेरीस शटर कायमचं ओढायची वेळ आली आहे. असलं शुल्क वैऱ्याच्या दारातही बसू नये!

घरच्यांना नमस्कार आणि आशीर्वाद वयाप्रमाणे वाटून द्यावेत.

तुमचा धाकटा साडू

ता. क. : शुल्क चुकवणाऱ्या सगळ्या मोटारी हल्ली तुमच्या गल्लीत घुसतात आणि तुमच्या फाटकासमोर एकमेकींना घासतात, असं ताई हिला फोनवर सांगत होत्या. तुमची रस्त्याकडेची पत्र्याची शेड रिकामीच आहे ना?

पुन्हा ता. क. : शुल्क रद्द करा म्हणून तुमच्या गल्लीचा अर्ज फिरतो आहे म्हणे. कृपा करून सही करू नका. आणि हे पत्र ज्या टेम्पोतून आलं आहे, त्यातली पाटी जपून उतरवून घ्या. रंग अजून ओला आहे.