नवा हात, जुनं मशीन

३ जून

चि. भोपळ्या यास आजीचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

काल तुझ्या आत्याने फोन माझ्या कानाला लावला आणि पलीकडून तू आनंदाने सांगितलंस की कारखान्याचे साहेब तुला विजेवर चालणारा हात देणार. फोनवर तुझं तोंड फार गोड असतं. चार महिन्यांपूर्वी पुठ्ठा कापायच्या मशीनखाली उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हाही तू मला थोडं लागलंय म्हणालास. म्हणून यापुढे पत्र पाठव, डाव्या हाताने. कोंबडीचे पाय उमटले तरी चालतील. मी चौथी नापास. मला अक्षर लावत लावत वाचावं लागतं, त्यामुळे एकही नजरेतून सुटत नाही.

आता सांग, ज्या साहेबांनी तीन उन्हाळे तुमच्या खात्यातला बंद पंखा दुरुस्त केला नाही, त्यांना एकाएकी पाझर कुठून फुटला? एका हाताने साखर देणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे ते मी आधी बघते. हात घे, पण डोळे उघडे ठेव.

लोभ आहे तो आहेच, रोज काय सांगायचा.
आजी

११ जून

ती. आजीस शि. सा. न.

हे डाव्या हाताचं अक्षर. हसू नकोस.

हात आला. कोपराखालचा स्नायू आवळला की बोटं मिटतात, सैल सोडला की उघडतात. पहिल्या दिवशी टोमॅटो उचलला तर रस भिंतीवर गेला. आई आधी ओरडली, मग आम्ही दोघं हसत बसलो. काल शर्टाची बटणं मी स्वतः लावली. चार महिने आई लावायची, मान दुसरीकडे वळवून. संध्याकाळपर्यंत घामाने हात घसरतो आणि त्या बोटांना गरम-गार काही कळत नाही, एवढंच.

पुढच्या महिन्यात कारखान्यात कार्यक्रम आहे. बाहेरचे पाहुणे येणार, मी त्यांच्याशी हात मिळवायचा, फोटो निघणार. साहेब म्हणाले, तू आता अगदी पहिल्यासारखा झालास. तू उगाच संशय घेतेस, आजी.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा भोपळ्या

१८ जून

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

बटणांचं वाचून बरं वाटलं, टोमॅटोचं वाचून त्याहून बरं. पण पहिल्यासारखा झालास म्हणजे काय ते मला कळलं नाही.

माझ्या कानातलं यंत्र बघ. ते नव्हतं तेव्हा तुझी आत्या जवळ येऊन, तोंड दिसेल असं बोलायची. यंत्र आल्यापासून ती स्वयंपाकघरातून, माझ्याकडे पाठ करून बोलते. ऐकू गेलं नाही तर म्हणते, यंत्र आहे ना आता, मग लक्ष कुठे असतं. म्हणजे आधी माझे कान बहिरे होते, आता मी बेपर्वा झाले.

एवढं लांबलचक लिहिलंस आणि कामाचं अवाक्षर नाही. तुला कुठल्या कामावर घेणार? आधी ते कळव.

वाट बघणारी,
आजी

२ जुलै

ती. आजीस शि. सा. न.

हे पत्र मी नव्या हाताने लिहीत आहे. कारखान्याच्या कृपेने मी पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहिलो आहे. येत्या पंधरा तारखेस पाहुण्यांच्या उपस्थितीत मी माझ्या पूर्वीच्याच कापणी मशीनवर काम सुरू करीन. साहेबांचे उपकार आपले कुटुंब कधीही विसरणार नाही.

आपला आज्ञाधारक नातू

७ जुलै

चि. भोपळ्यास,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी उत्तर दे. तुझा पाय कधी गेला होता रे? आणि आज्ञाधारक तर तू जन्मात नव्हतास. उजवा हात होता तेव्हाही तुझ्या ओळी डोंगर चढायच्या. या ओळी पट्टी लावल्यासारख्या चालल्यात. हे अक्षर तुझं नाही. कुणा ऑफिसात बसणाऱ्याचं आहे.

मशीन मात्र तेच आहे ना? पात्यापुढे जाळी बसवली का? नसेल तर मला सगळं उमगलं. माणसाला हात बसवला, मशीनला जाळी नाही बसवली. हाताचा फोटो निघतो, जाळीचा कोण काढतो? उद्या डावाही गेला तर हेच म्हणतील की एवढा चांगला हात दिला होता, यालाच वापरता आला नाही.

खरं लिही. मग आशीर्वाद घे, हवे तेवढे.
आजी

१७ जुलै

ती. आजीस शि. सा. न.

ते पत्र ऑफिसातल्या कारकुनाने लिहिलं. पाहुण्यांना दाखवायला भिंतीवर लावायचं होतं आणि नव्या हातात पेन धरून मला दोन ओळीही जमेनात. त्याचीच एक प्रत तुला धाडली.

जाळी नव्हती. मी दोनदा विचारलं होतं. मुकादम म्हणाला, जाळीने काम मंदावतं, आणि तुला कसली भीती, तुझा एक हात तर कापला तरी दुखणार नाही. सगळे हसले. मीही हसलो. तुला ते लिहायची लाज वाटली.

परवा कार्यक्रम झाला. पाहुणे मशीनभोवती उभे राहिले, फोटोवाला स्टुलावर चढला, साहेबांनी मला पुठ्ठा आत सरकवायला सांगितलं. मशीन अजून बंद होतं. मी नव्या हाताचा पट्टा सोडला, तो काढला आणि पात्याखाली ठेवला. मग म्हणालो, "साहेब, याच्याशेजारी तुमचा ठेवा, मग मी बटण दाबतो."

साहेब हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच राहिलं. पाहुण्यांतल्या एका बाईंनी हळूच विचारलं, इथे जाळी का नाही. त्यानंतर फोटो निघाला नाही.

काल फिटर माप घेऊन गेला, आज जाळी बसली. मला मोजणीच्या टेबलावर टाकलंय. साहेब माझ्याकडे बघत नाहीत. हात अजून कुणी परत मागितला नाही. त्याला नावं ठेवू नकोस, आजी, त्याचा काही दोष नाही.

तुझ्या मायेतला,
भोपळ्या

२४ जुलै

चि. भोपळ्यास भरभरून आशीर्वाद.

पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती रडली. मी नाही, मला चष्मा पुसायचा कंटाळा. असली महागाची वस्तू पात्याखाली ठेवतात का, गाढवा? हाताला मी कधी नावं ठेवली? देणाऱ्याला ठेवली. घामाने घसरतो तर आत जुन्या मऊ चादरीचं कापड लाव.

टेबलावर किती दिवस ठेवतात ते बघू. काढलंच तर घरी ये, आपण दोघं मिळून एक धड माणूस होऊ.

जाळी बसली म्हणतोस, त्यावर माझा विश्वास नाही. घाईचं काम आलं की असल्या जाळ्या स्क्रू काढून कोपऱ्यात उभ्या करतात. आणि तुला टेबलावर बसवलं म्हणजे त्या मशीनवर दुसरा कुणीतरी उभा असणार. त्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. त्याच्या घरीही माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल.

तिचा पत्ता पाठव. तिला मी लिहिते.

आजी