नर्सिंगला कावून?

आप्पा, आज दिवसभर मी पोरींना एकच प्रश्न विचारत बसले होते. नर्सिंगला कावून यायचंय? म्हणजे अशा शब्दांत विचारत नाही. प्रवेशाची मुलाखत असते, शेजारी डॉक्टर बसलेले असतात, तिथं मी अगदी पुस्तकातल्यासारखं ‘का’ असं विचारते. पण मनात प्रश्न उमटतो तो आपल्या चौसाळ्याच्या बोलीतच. पोरी ठरलेलं उत्तर देतात, लहानपणापासून सेवेची आवड. अगं बाई, लहानपणी कुणाला सेवेची आवड असते? लहानपणी चिंचांची आवड असते. जरा खोदून विचारलं की खरं बाहेर येतं. एकीच्या बहिणीनं नर्सच्या पगारातून स्कूटी घेतली, ती हिच्या डोळ्यांत भरलीय. एकीला डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले. लिंबागणेशकडची एक म्हणाली, “आमची म्हैस व्याली आन् वार अडकली तवा सगळे लांब पळाले मॅडम, मीच हात लावला.” तिला मी तिथल्या तिथं घेऊन टाकलं असतं. शेवटी एक आगाऊ पोरगी मलाच म्हणाली, “मॅडम, तुम्ही कशा आलात यात?” डॉक्टर हसले, आणि मी काय सांगावं? सेवेची आवड! घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण या उत्तराचा अर्धा भाग तुमच्याजवळ राहिलाय.

माझं बारावीचं वर्ष होतं. आपलं किराणा दुकान हायवेला लागून, आणि तेव्हा नुकत्याच शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारात लटकायला लागल्या होत्या. तुम्हाला त्या मुळीच आवडायच्या नाहीत, पण गिऱ्हाईक मागायचं म्हणून ठेवायचात. घरात तुमच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. तुमची चप्पल ओट्यावर वाजली की टीव्ही बंद, आईचं बोलणं बंद, भावाचं शिट्टी मारणं बंद. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तुम्ही घोटभर पाणी घेत नव्हतात आणि तुम्ही जेवल्याशिवाय आई घास घेत नव्हती. अशा माणसानं पोती उचलून उचलून झालेला हर्निया धोतराखाली लपवून ठेवला होता, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. एका दुपारी आतडं त्यात अडकलं, तुम्ही गल्ल्यावरच वाकडे झालात, आणि काकांनी कुणाची तरी जीप आणून तुम्हाला बीडला एका खासगी दवाखान्यात नेलं. काळं पडलेलं आतडं कापून पुन्हा जोडावं लागलं.

ऑपरेशननंतर तिथल्या सिस्टर आम्हाला बाहेर घेऊन आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या बाई. म्हणाल्या, “आतले टाके ओले आहेत. खालून वारा सुटेपर्यंत पोटात पाण्याचा थेंब जाता कामा नये. गेला आणि टाका उसवला, तर मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही.” मग त्यांनी आम्हाला एकेकाला निरखलं. आई पदरात तोंड घालून रडत होती. काका खिडकीबाहेर बघत होते. भाऊ तर दुकान बघायला मागेच राहिला होता. सिस्टरांनी बोट केलं ते माझ्याकडे. “तू बस त्यांच्याजवळ. ओरडतील, शिव्या देतील. देऊ देत. कापूस ओला करून ओठांना लावायचा, बस्स.” मीच कावून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुतेक मीच तेवढी रडत नव्हते.

तुमच्या नाकात नळी, हाताला सलाईन, ओठ पापड झालेले. तुम्ही डोळे उघडता आणि म्हणता, “पानी दे गं.” मी कापूस फिरवते. “पानी दे म्हनलं ना!” मी पुन्हा कापूस फिरवते. तुम्ही आईला हाक मारता आणि आई उठून बाहेर निघून जाते, कारण तिला माहीत असतं की जवळ थांबली तर ती देऊन बसेल. सबंध दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले ते मठातल्या स्वामींकडून तीर्थ घेऊन. पितळेचा छोटा गडू, वर बेलाचं पान. तुमचे डोळे असे लकाकले! मी म्हणाले, काका, पाणी द्यायचं नाही. तर तुम्ही अंथरुणातूनच कडाडलात, “तीर्थाला पानी म्हनतेत व्हय? लई शहानी झालीस!” काकाही म्हणाले, “अगं, चमचाभर तीर्थानं कुनाचं वाईट झालंय का आजपत्तूर?” आणि ते चमचा भरून पुढे झाले. आपल्या घरात तीर्थाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आजारी माणसाला औषध चुकलं तर चालेल, पण तीर्थ चुकलेलं चालत नाही. मी उभी राहिले, काकांच्या हातातला चमचा धरला आणि म्हणाले, “डोळ्याला लावा, डोक्याला लावा. पोटात न्हाई.” तुम्ही माझ्याकडे बघितलं. “कुनाला न्हाई म्हनतीस?” मी म्हणाले, “तुमाला.” मग गडूत बोट बुडवून मीच तुमच्या डोळ्यांना आणि कपाळाला तीर्थ लावलं. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. काका तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले की पोरगी बाटली.

आणि मग तो वारा! आख्खं घर त्याची वाट बघत होतं. डॉक्टर येऊन विचारायचे, तुम्ही त्यांना उत्तरच द्यायचा नाहीत. आईची विचारायची टाप नव्हती. शेवटी सिस्टर म्हणाल्या, तू विचार. बापाला असलं विचारायचं? जन्मात तुमच्याकडे जत्रेला पैसे मागितले नव्हते, आणि आता हे. मी कॉटजवळ जाऊन विचारलं, “आप्पा, वारा सुटला का?” तुम्ही लालबुंद झालात आणि लहान पोरासारखं पुटपुटलात, “मगाशीच.” मी व्हरांड्यातून धावत सुटले, सिस्टर, सुटला, सुटला! लोक हसायला लागले. बारावीच्या निकालाचासुद्धा मला एवढा आनंद झाला नाही. पहिला चमचा पाणी मी तुम्हाला पाजलं तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत, आणि घशाची घाटी वर-खाली झाली, ती मी बघत राहिले.

मी कधी ठरवलं, ते मला अजून नेमकं सांगता येत नाही. चमचा धरला तेव्हा की व्हरांड्यातून धावले तेव्हा? खरं सांगायचं तर सगळे ज्यांच्यापुढे चळाचळा कापतात ते आप्पा माझ्या हातातल्या कापसाकडे आशेनं बघतायत, हे मला आवडलं होतं. याला सेवा म्हणायचं का, देव जाणे. पण ते पाणी घशाखाली उतरताना बघणं त्याहून जास्त आवडलं होतं. कदाचित दोन्ही लागतं. मुलाखतीत मी बहुतेक तेच शोधत असते, पण पोरींना तसं विचारणार कसं?

निकाल लागला. काकांचं म्हणणं डी.एड. कर, मास्तरीण हो, लग्नाला बरं पडतं. परक्या पुरुषांना हात लावायचं काम आपल्यात कुणी करत नाही. मी नर्सिंगचा फॉर्म आणून ठेवला होता आणि तुम्ही नाही म्हणालात तर सगळं तिथंच संपणार होतं. तुम्ही जेवत होतात. भाकरीचा तुकडा मोडत, वर न बघता म्हणालात, “जाऊ द्या तिला.” काका काही बोलायला गेले तर तुम्ही फक्त ताट पुढे सरकवलंत. हात धुऊन दुकानात गेलात. तुम्ही कावून हो म्हणालात, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतरही जमलं नाही. ड्युट्या, लग्न, बदल्या. आणि मग एक दिवस फोन आला की तुम्ही गेलात.

मागच्या आठवड्यात आई माझ्याकडे आली होती. शेंगा निवडत बसली होती, तेव्हा ते तिलाच विचारलं. ती सहज म्हणाली, “दवाखान्यातून आलते तवाच म्हनले हुते मला. ‘ती पोरगी भेली न्हाई. माझ्या म्होरं उभी ऱ्हाऊन न्हाई म्हनली. असली मानसं दवाखान्यातच पायजेत. कुनाच्या घरात दिली तर कुढून मरंल.’” एवढं बोलून ती पुन्हा शेंगांकडे वळली. माझ्याआधी तुम्ही ठरवलं होतं, आणि मला कळूही दिलं नव्हतं.

पण आप्पा, तुमचं चुकलं होतं. मी भेले होते. इतकी, की एका हातानं चमचा धरला तेव्हा दुसऱ्या हातानं कॉटची दांडी आवळून धरली होती. तुम्हाला भीत होते, आणि तुम्ही मराल याला त्याहून जास्त भीत होते, म्हणून तोंडातून नाही निघालं. हे तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग ऱ्हाऊ दे, डी.एड. कर. हा कागद मी आईलाही दाखवणार नाही. वर आली की पहिल्यांदा ती तुम्हाला हेच सांगेल, आणि खोटं कशाला बोलू, मला तुमची अजून भीती वाटते.