धाकट्या सर्व्हरचा हार

खंडेनवमी, संध्याकाळ

आज कॉलेजच्या लॅबमध्ये पूजा झाली. सरांनी मोठ्या सर्व्हरला झेंडूचा हार घातला. शेजारच्या धाकट्याला साधं फूलसुद्धा नाही! वर मला म्हणाले, "मॅडम, हे रिकामं मशीन परवा माझ्या केबिनला पाठवा."

रिकामं? मोठा बंद पडला तर सगळ्या पोरांचं लॉगिन हाच सांभाळणार. किती वेळा सांगायचं? डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर मोठ्याची वायर उपसली. म्हटलं, "करा की आता लॉगिन."

केलं. झालं की! तर सर म्हणतात, "मग मोठाच पाठवा."

सगळे हसले. मी नाही. निघताना हार काढून धाकट्याला घातला, लॅबला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडं आहे. या म्हणावं मागायला.