पोचा पडलेलं ताट

आई, आज पुन्हा त्याच माणसाला जेवायला वाढलं. आपल्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, तुझं मनगट मोडणाऱ्या शेजाऱ्याला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तो मात्र अजून जिवंत आहे, आणि त्याला जगवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हसू नकोस.

तो दिवस अजून दिसतो मला. तू दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली आहेस, नर्सची पांढरी साडी अंगावर तशीच आहे, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलंय, आणि पलीकडे तो बायकोला बडवतोय. गल्लीला सवय झाली होती. सगळे दारं लावून घ्यायचे, आपल्या बाबांसकट. तू स्टोव्ह बंद केलास आणि तशीच तिकडे गेलीस. तिच्या डोक्यावर उगारलेली काठी तू हातावर झेललीस. हाड मोडल्याचा आवाज मी दारातनं ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. तू ओरडली नाहीस. डाव्या हातानं काठी ओढून घेतलीस आणि "आता बास," एवढंच म्हणालीस.

त्याच महिन्यात नाताळ आला. प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून तू डाव्या हातानं करंज्या भरल्यास. आपली नाताळाची ताटं गल्लीत घरोघर जायची, दिवाळीला त्यांची आपल्याकडे यायची, आणि ताट रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा गल्लीचा रिवाज. तू पहिलं ताट भरलंस ते त्याचं. "गाढवाला गुळाची चव काय," बाबा पुटपुटले. मी म्हणाले, "त्याचा हात झडू दे." फाडकन तुझ्या धड हाताची थोबाडीत बसली. "ह्याच तोंडानं प्रार्थना म्हणतीस न्हवं?" मग तूच ताट घेऊन गेलीस. त्यानं ते लाथेनं उडवलं. करंज्या गटारात, शंकरपाळ्या कुत्र्यांपुढं, आणि ताटाच्या कडेला हा एवढा पोचा. तू ते उचललंस, धुतलंस आणि जन्मभर त्यातच जेवलीस. पुढच्या नाताळाला त्याच्याकडे दुसरं ताट धाडलंस, त्याच्या पुढच्याही. तिकडून कधी काही आलं नाही. मला तुझाच राग यायचा, आई. रविवारी पाळकसाहेब शेजाऱ्यावरच्या प्रीतीबद्दल बोलायला लागले की मी तुझ्या वाकड्या मनगटाकडं बघत बसायची.

गेल्या आठवड्यात दुपारी भाकरी भाजत होते, तर पलीकडून म्हातारा ओरडला. त्याची बायको कधीच गेली. आता मुलगा त्याला मारतो. मुलगा हुपरीला चांदीच्या कामाला जातो, सुट्टी असली की पिऊन पडतो. म्हाताऱ्यानं अंथरूण भिजवलं, एवढाच गुन्हा. पहिल्या दणक्याला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यालाही. मी भाकरी उलटली. मग तसलाच काटकी मोडल्याचा आवाज आला आणि मी हातातलं तापलेलं उलथनं घेऊन धावले.

म्हातारा कोपऱ्यात पडलेला, कपाळ फुटलेलं, रक्त डोळ्यात उतरलेलं. काठी मधोमध चिरली होती, आणि पोरानं तीच पुन्हा उगारली होती. तू हात पुढं केला असतास. मी उलथनं त्याच्या दंडावर टेकवलं. चर्र झालं. तो किंचाळला, काठी पडली. ती मी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली, एकदा गरजेपुरती आणि एकदा माझ्यासाठी.

"मावशी, तुमच्या आईचा हात मोडलाय की ह्यानं," तो खाली पडल्या पडल्या बोंबलला. "ह्याचा पुळका कशाला तुमास्नी?"

"मोडलाय. म्हाईत हाय मला. पर तू पुन्यांदा हात लाव त्याला, चौकीपत्तूर फरफटत न्हेते का न्हाय बघ."

तेव्हापासून म्हाताऱ्याचं दुपारचं ताट माझ्याकडनं जातं. गल्लीतल्या बायका म्हणतात, अगदी आईवर गेलीय. ऐकलं की अंगाची आग होते. कारण मी त्याला तुझ्याच ताटात वाढते, आणि पोचा मुद्दाम त्याच्याकडं करते. त्याला आठवावं, घास घशात अडकावा, म्हणून. असल्या वाढण्याला प्रीती म्हणत नाहीत, एवढं तर तू मला शिकवलंयस.

आज तो स्वतः ताट परत द्यायला आला, भिंत धरत धरत. ताट घासूनपुसून आणलेलं, आणि त्यात गुळाचा खडा. खिशातल्या तंबाखूचा भुगा लागलेला.

"रिकामं कसं द्यायचं, बाई," म्हणाला. "तुझ्या आईची लई ताटं राह्यल्यात माझ्याकडं."

मी ताट घेतलं आणि दार लावलं.

हे पत्र मी फाडून चुलीत घालणार आहे. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण वाचून झाल्यावर तू एवढंच विचारशील, गूळ खाल्लास का? खडा ओट्यावर आहे, त्याला मुंग्या लागल्यात. नाही खाल्ला, आई.