वांग्याचा बैल आणि माझा वाढदिवस

१० ऑगस्ट २०२५, रविवार. गुन्मा, जपान.
तात्यांना जाऊन तीन महिने झाले. मी व्यवस्थित आहे. मे महिन्यात रजा मागितली असती तर मिळाली असती, पण मागितली नाही. नांदूरघाटला जाऊन रडणाऱ्यांत एक वाढवण्यापेक्षा इथून घर सावरणं महत्त्वाचं.
निश्चय: तात्यांचे बैल, हरण्या आणि खैऱ्या, विकू द्यायचे नाहीत. पोळ्याला दोघं दारात उभे पाहिजेत. बजरंगभाऊ परळीला थर्मलमध्ये ठेकेदाराकडे असतो, गावी फक्त रविवारी येतो. त्याचा विचार विकण्याकडे दिसतो. आज फोनवर स्पष्ट बजावलं. म्हणाला, "जपानात बसून बैल हाकतो का बे?" मग म्हणाला, बरं, न्हाई इकत. माझ्या शब्दाला घरात वजन आहे.

संध्याकाळी.
भाऊनं बैलांचा व्हिडिओ पाठवला. दर रविवारी पाठवतो. मी आवाज बंद ठेवून बघतो. बैल काय बोलणार? दोघांची तब्येत उत्तम. गोठ्यामागच्या आंब्याला मोहोर दिसला. ऑगस्टमध्ये! हवामान फारच बिघडलं आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार.
ओबोन नावाचा सण. कारखाना चार दिवस बंद. घरमालकीण सातो आजींच्या दारात फळीवर एक काकडी आणि एक वांगं ठेवलंय, दोघांना काड्यांचे चार-चार पाय. वांगं म्हणजे हुबेहूब बैल. थोडक्यात, यांचाही पोळा, फक्त आपल्याआधी. काकडी म्हणजे गोऱ्हा असावा. आजींना विचारणार होतो. माझं जपानी चांगलं आहे, पण त्या फार भरभर बोलतात.
आईला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "शिंगं हायेत का वांग्याला?" देठ आहे म्हणालो. "मग सण झाला की भरीत करून खात्याल."
पासपोर्टवर माझा वाढदिवस एक जून आहे, तो शाळेतल्या गुरुजींनी टाकलेला. खरा जन्म पोळ्याचा. तात्या बैल मिरवून घरी आले आणि मी आलेलो होतो. दर पोळ्याला ते फोन करायचे. "हरण्यानं पोळी खाल्ली. आता तू खा." एवढंच बोलायचे. यंदा फोन येणार नाही, हे मला मान्य आहे. मी प्रॅक्टिकल माणूस आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
मैदानावर कंदील लावून गोल फेर धरून नाचत होते. दुःखाच्या घरातला माणूस वर्षभर नाचत नाही, म्हणून मी कडेला उभा. सातो आजींनी मनगट धरून ओढलं. मोबाइलच्या भाषांतरात त्यांचं बोलणं आलं: "आज नाचा. बघणारे लांबून आलेत." कोण बघणारे, ते विचारलं नाही. एक फेरी केली, पाय चुकले, गुडघा दुखतो म्हणून परत आलो. आईला कळवायचं कारण नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी.
आजींनी वांग्याचा बैल रस्त्याकडे तोंड करून ठेवलाय. चूक. मिरवून आलेला बैल घराकडे तोंड करून उभा करतात, तेव्हा कुठं बाई पाय धुऊन घास देते. वयामुळे विसरल्या असतील. मी फिरवून नीट ठेवला. पुढं भाताचा घासही ठेवला.

संध्याकाळी.
घोटाळा. हा पोळा नाही. या चार दिवसांत मेलेली माणसं घरी येतात. काकडी हा घोडा, त्यावर बसून ती लवकर येतात. वांगं ही गाय, तिच्यावरून सावकाश परत जातात. आज जायचा दिवस. मी गाय घराकडे वळवल्यामुळे सातो आजोबांची वाट अडली. पुन्हा पुन्हा वाकून माफी मागितली. आजी हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "असू द्या. जायची घाई त्यांना कधीच नव्हती."
गंमत आहे एकेक श्रद्धेची. आपल्याकडे गेला तो गेला. पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो, पण तो विषय वेगळा.

१७ ऑगस्ट, रविवार.
व्हिडिओ आला. मोहोर अजून तसाच! एकही कैरी धरलेली नाही. कृषी सहायकाला दाखव, असं भाऊला सांगितलं. बरं म्हणाला. हल्ली वाद घालत नाही. सुधारला आहे.
आजींनी गाय अजून घराकडेच तोंड करून ठेवली आहे.

२० ऑगस्ट, बुधवार.
पोळ्याचा बेत पक्का. पुरणपोळी करायची, वाढदिवस म्हणून सातो आजींना जेवायला बोलवायचं, मग व्हिडिओ कॉलवर सजवलेले बैल दाखवायचे. हरण्याच्या शिंगांना लाल रंग, खैऱ्याच्या निळा, असं भाऊला कळवलं.
आई म्हणाली, "औंदा पुरण न्हाई घालायचं रं. घरात दुःख हाय." मी म्हणालो, हा नियम परदेशात लागू नाही. ती म्हणाली, "तुझं तू कर. पण बैलाचं म्हणशील तर..." तेवढ्यात पोळ्याच्या सुट्टीवर आलेल्या भाऊनं फोन घेतला आणि नेटवर्क गेलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
हरभऱ्याची डाळ कुठंच मिळाली नाही. लाल चवळीसारख्या दाण्यांचं तयार गोड पुरण पाकिटात मिळालं. रंग काळा. दोन पोळ्या करून बघितल्या, दोन्ही फाटल्या. उद्या जमेल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.
कामावरून आलो आणि पोळ्या केल्या. सगळ्या फाटल्या. सातो आजी केक घेऊन आल्या. माझी काळी पोळी त्यांनी पूर्ण खाल्ली.
घरी व्हिडिओ कॉल लावला. पाटावर मातीचे दोन बैल, त्यांना हळदकुंकू. मी म्हणालो, हे राहू दे, खरे दाखव. भाऊ म्हणाला, नेट जातंय बे. आई त्याच्यावर ओरडली, "किती दिस फसवायचं रं लेकराला?" मग मला म्हणाली, "सिदू, तेराव्यानंतरच्या बाजारालाच गेले बैल. माझ्यानं शेण निघंना. तू तिकडं एकटा, म्हणून न्हाई सांगितलं."
व्हिडिओचं विचारलं. भाऊ म्हणाला, "माघातले हायेत. तात्यांनीच काढायला लावलते. सिदूला धाडत जा म्हणले. मी तवा इसरलतो."
आजी शेजारी बसून स्क्रीनकडे बघत हसत होत्या. मातीचे बैल त्यांना फार आवडले. मी भाषांतर केलं नाही.
आई म्हणाली, "तात्यांसारखं मला म्हणता येईना. पण जेव."

२३ ऑगस्ट, शनिवार.
पहाटे व्हिडिओ आवाज लावून बघितले. सगळ्यांत तात्या आहेत, फक्त दिसत नाहीत. भाऊला सांगतात, "बजा, सरक तिकडं. तुझी सावली पडायली. त्याला खैऱ्या दिसायचा न्हाई." एका व्हिडिओत नुसतेच विचारतात, "गेलं का त्याला?"
आज जादा पाळी होती. गेलो नाही. पोट बिघडल्याचं कंपनीला कळवलं. आजी दोनदा दाराशी येऊन गेल्या, त्यांनाही तेच सांगितलं. पाकिटातलं पुरण बाधलं असणार. बाकी मी व्यवस्थित आहे.
उद्या रविवार. आता व्हिडिओ पाठवायची गरज नाही, असं भाऊला कळवायचं आहे. अजून कळवलेलं नाही.