सतरा नंबरचे सांधे

११ जानेवारी

आज बाबांचा सांधा मी केला. इथे लिहून ठेवते, कारण कुणाला सांगता येणार नाही.

बॉयलरच्या पाइपचा जोड होता. बाबांनी मास्क खाली घेतला, रॉड टेकवला आणि थांबले. पुन्हा टेकवला, पुन्हा थांबले. मी शिकाऊ, त्यांची मदतनीस म्हणून शेजारी उभी. मग म्हणाले, "जरा तू घे." एवढंच. जसं काही पाण्याचा पेला हातात देतायत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं — नजरेच्या मधोमध डाग आहे, तो वाढतच जाणार. कडेचं दिसतं, मधलं नाही. आणि वेल्डिंग म्हणजे सगळं मधलंच! आईला सांगितलं, चष्मा बदलायचाय. कारखान्यात तर अवाक्षर नाही.

आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याने सांधा केला त्याने शेजारी पंचाने, म्हणजे अंक कोरलेल्या पोलादी ठशाने, आपला नंबर ठोकायचा. कायमचा. उद्या सांधा फुटला तर हात कुणाचा ते कळलं पाहिजे. बाबांचा नंबर सतरा, गेली सव्वीस वर्षं. शिकाऊ लोकांना नंबर नसतो. म्हणून मीही सतराच ठोकला, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि रॉड आणायला गेले. मागून ठक् असा एकच आवाज आला. त्यांची सवय असावी.

१२ जानेवारी

आज तीन. तिन्हींवर सतरा. ताडपत्रीचा पडदा ओढलेला, अंगात सारखेच जाड कोट, तोंडावर मास्क. बाप कुठला आणि लेक कुठली, कोण बघायला येतंय.

३० जानेवारी

फोरमन एक्स-रेचे कागद नाचवत आला. दहातल्या एका सांध्याचा एक्स-रे काढतात, कुठल्या ते आधी सांगत नाहीत. "सतरा नंबर म्हणजे बघायलाच नको," असं म्हणून त्याने बाबांच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळून — "शिक जरा बापाकडून. नुसती रॉड उचलून देत असतेस."

डोक्यात तिडीक गेली. तो सांधा माझा होता. उभा पाइप, मागे लगेच भिंत, हात जेमतेम जातो. आरशात बघून केला होता मी! आणि बाबा मूग गिळून बसले. जेवायच्या सुट्टीत त्यांनी आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं माझ्या डब्यात सरकवलं. मी खाल्लं नाही.

मग खाल्लं. भूक लागली होती.

८ फेब्रुवारी

एप्रिलमध्ये परीक्षा, लोखंडी प्लेट सांधून दाखवायची. पास झालं की स्वतःचा नंबर मिळतो आणि पूर्ण वेल्डरची जागा. बाबा म्हणाले, "तुझा नंबर आला की दुसऱ्या दिवशी मी सोडतो. शब्द देतो." तोपर्यंत घर त्यांच्यावर आहे — आईचे गुडघे गेलेले, धाकटा अजून शाळेत.

म्हणजे सगळं माझ्या एका प्लेटवर आलं. बरं, परीक्षेला कुणाला बसवायचं ते ज्या तक्त्यावरून ठरतं, त्यात माझे सरावाचे सांधे सगळ्यांपेक्षा कमी. असणारच. माझे सगळे सांधे सतराच्या नावावर.

२१ फेब्रुवारी

सतराचा एक सांधा परत आला. आत पोकळी. तो बाबांनी केलेला होता. "सोपे सोपे मी करतो," हा त्यांचा हट्ट. फोरमन म्हणाला, "अहो, होतं कधीतरी. थकला असाल." मी तो कापून पुन्हा केला.

वाटेत मी सरळच म्हटलं, "बाबा, तुम्ही आता रॉड हातात धरू नका."

"सगळे तूच केलेस, तर मी येतो कशाला?"

राग मात्र गेला नाही. त्यांची दया येते आणि त्याच वेळी इतका राग येतो, की दोन्ही एकदम कुठे ठेवायचं कळत नाही.

१४ मार्च

परीक्षेची यादी लागली. माझं नाव सगळ्यात शेवटी, पेनाने वाढवलेलं. बाबांनी फोरमनला गळ घातली असणार. लंबू — माझ्याच तुकडीतला, सहा फुटांचा, आणि जीभ त्याहून लांब — सगळ्यांसमोर म्हणाला, "काय, वशिल्याचं तट्टू!" सगळे हसले. मीही हसले. हसण्यावारी नेलं नसतं तर सगळंच बाहेर पडलं असतं.

हल्ली एक बघितलंय. सांध्यावर नंबर ठोकला की मी त्याच्याकडे परत वळूनही बघत नाही. बाकीची पोरं आपल्या सांध्यांचे फोटो काढतात. मी पाठ फिरवून रॉड आणायला जाते. मागे ठक्. झालं, संपला. आपला नव्हताच.

२ एप्रिल

झोप नीट नाही. तोंडाला चव नाही. आई म्हणते, "परीक्षेचं काय एवढं घेऊन बसलीस? नाही झालीस पास तर पुढच्या वर्षी दे." पुढच्या वर्षी बाबांना माझा चेहरा तरी दिसेल का?

५ एप्रिल

परीक्षा झाली. प्लेट छान झाली, मीच म्हणते. सांध्यावरची मळीची खपली एकदा टोकरली तर अख्खी सुटून आली. तपासायला इन्स्पेक्टरबाई आल्यात, बाहेरच्या. कमी बोलतात. प्लेटा त्यांच्या खोलीत कुलपात आहेत. उद्या पट्ट्या कापून यंत्रात वाकवतील. तडा गेला की नापास. लंबूने निघताना माझी प्लेट वाकून पाहिली आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

५ एप्रिल, घरी आल्यावर

कोट झटकला तर खिशातून ४०५ चा पंच पडला. परीक्षेपुरता प्रत्येकाला एकेक नंबर दिला होता, त्यातला माझा. टोक कोरं करकरीत. एकदाही न ठोकलेलं.

मग प्लेटवर काय ठोकलं?

दुसऱ्या खिशात हात घातला. सतरा.

तीन महिने सांधा झाला की खिशात हात, पंच, हातोडी. हाताला दुसरं काही ठाऊकच नाही. इतक्या महिन्यांत चूक नाही केली, आणि केली ती ह्या दिवशी.

बाबांना सांगितलं. ते भिंतीच्या कडेकडे बघत बसले. आता सगळीकडे असंच कडेला बघतात. मग विचारलं, "प्लेट कशी झालीय?"

"चांगली."

"मग ठीक आहे."

ठीक आहे म्हणे. डोंबल!

७ एप्रिल

इन्स्पेक्टरबाईंनी बोलावलं. टेबलावर माझ्या वाकवलेल्या पट्ट्या. एकीलाही तडा नाही. मला आनंद व्हायलाही वेळ मिळाला नाही.

"काम उत्तम आहे. पण हा सतरा कोण?"

वडिलांचा पंच चुकून आला, असं म्हणता आलं असतं. म्हटलंही. बाई म्हणाल्या, "चुकून आलेला पंच इतका सफाईने बसत नाही. हा तुझ्या हातातला रोजचा पंच आहे." मग मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं — डोळे, पडदा, जानेवारीपासूनचं सगळं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "बॉयलरमध्ये वाफ असते. शेजारी माणसं काम करत असतात. हे डोक्यात आलं नाही तुम्हा दोघांच्या?" आलं होतं. रोज येत होतं.

अंगणात तीन बॉयलर उभे आहेत, जानेवारीपासूनचे सगळे, अजून पाठवायचे. त्यांवर सतराचे पंचाहत्तर सांधे. "तुझे कोणते, वडिलांचे कोणते, वेगळे करून दाखव," म्हणाल्या. "नाहीतर सगळे कापावे लागतील. आणि तुझं नावही मग मला पुढे पाठवता येणार नाही."

कसे दाखवणार? सगळ्यांवर सतराच. काही ओळखू येतात, पण बाकीचे? कधी मागे वळून पाहिलं असतं तर.

बाहेर आले तर बाबा दारात उभे. सगळं ऐकलेलं. आत डोकावून म्हणाले, "मॅडम, उद्या मी दाखवतो वेगळे." मला वाटलं, आता माझ्यासाठी खोटं बोलणार. ज्यांना समोरचा पाइप दिसत नाही, ते सांधे ओळखणार! घरी येईपर्यंत मी त्यांच्या पुढे पुढे चालत राहिले.

आईलाही सांगावं लागलं. "दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत," म्हणाली. मग उठली आणि बाबांच्या उद्याच्या शर्टाला इस्त्री करायला बसली.

८ एप्रिल

बाबा अंगठ्याने एकेक सांधा चाचपत गेले, बाई विजेरी धरून मागे. काही सतरांच्या पुढे एक बारीक ठिपका आहे, टोकदार पंचाच्या एका ठोक्याचा. "ठिपका आहे तो तिचा. नाही तो माझा. माझे कापा."

चौदा निघाले. कापायला घेतले. बाबांचं वेल्डरचं कार्ड जमा झालं. ठिपक्यांचे एकसष्ट. खात्रीसाठी त्यांतल्या दहांचे एक्स-रे काढणार, आणि मग माझी परीक्षा पुन्हा, माझ्या नंबराने.

सगळे गेल्यावर मी पहिल्या बॉयलरपाशी गेले. अकरा जानेवारीचा जोड शोधला आणि त्यावर बोट फिरवलं.

आहे.